फॉरवर्ड, भविष्यवाणी आणि विश्वास: तपासून बघितलं तर देव रागावतो का?

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला. २६ वर्षांचा आहेस असं लिहिलंयस, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे, त्यामुळे एकेरीच बोलते, राग मानू नकोस.

बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तुझं म्हणणं थोडक्यात सांगते. तू पुण्यात आयटीत, घरचे श्रीरामपूरकडे, पिढ्यांपासून ख्रिस्ती. फॅमिली ग्रुपवर मामा रोज काहीतरी टाकतात, नासाने यहोशवाचा थांबलेला दिवस (बायबलमध्ये यहोशवासाठी सूर्य जवळजवळ दिवसभर थांबला अशी गोष्ट आहे, तो) शोधून काढला, अमुक देशात उद्या मिशनऱ्यांना मारणार आहेत तरी प्रार्थना करा आणि पुढे पाठवा, यूट्यूबवरच्या कुणा प्रॉफेटने तारखेसकट काय सांगितलं वगैरे. तू एकदा फक्त विचारलंस की मामा हे आलं कुठून, तर उत्तर आलं, "शिकलास म्हणून विश्वास उडाला का रे?" आणि ऑफिसातले मित्र बरोबर उलट्या बाजूने खेचतात, त्यांचं म्हणणं एक गोष्ट खोटी निघाली ना, मग सगळंच भाकड. आता या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाने खरं काय ते ओळखायचं कसं, हा तुझा सवाल.

माझ्याबद्दल एवढंच की मी ३१ वर्षं नगरला (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात नगरच) एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर. आणि २४ वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बुधवारचा बायबल स्टडी घेते. थिऑलॉजीची डिग्री नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते रक्ताच्या बाटल्या आणि बुधवार संध्याकाळ या दोन गोष्टींतून आलेलं आहे, तेवढ्याच मापाने घे.

मला वाटतं तुझं अडलंय ते खोटं ओळखण्यापाशी नाहीच. नासावाली गोष्ट तुला पाच मिनिटांत सापडली असणार. अडलंय ते असं की आपल्या लोकांत विचारणं म्हणजे फितूर होणं असं एक समीकरण होऊन बसलंय, आणि विचारलं तर घर तुटेल याची तुला भीती वाटते. ही भीती मला चांगली माहितीये, का ते पुढे सांगते.

तर आधी ते समीकरण. सगळे थोमाचं उदाहरण देतात (येशू उठला हे स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य), मी बिरुया गावच्या लोकांचं देते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, १७वा अध्याय. पौल, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मोठा प्रेषित, तिथे जाऊन उपदेश करतो, साक्षात पौल, आणि ते लोक काय करतात, तर रोज शास्त्र उघडून बघतात की हा सांगतोय ते तसंच आहे का. आणि हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना अविश्वासी म्हणत नाही, उलट थेस्सलनीकेच्या लोकांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाचं तपासलेलं चालतं आणि मामांच्या फॉरवर्डचं चालत नाही, हे काही मला पटत नाही. आणि हाच पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना म्हणतो की देवाच्या नावाने आलेल्या संदेशांना तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढच्याच वचनात म्हणतो की सगळ्याची पारख करा. दोन्ही एका दमात. आपल्याकडे लोक पहिलं वचन पाठ करतात आणि दुसऱ्यावरून उडी मारतात.

लॅबमध्ये आम्ही सकाळी साडेसातला आलो की पेशंटचं रक्त मशीनला लावायच्या आधी कंट्रोल लावायचो. कंट्रोल म्हणजे बाटलीत येणारं सीरम, त्याच्यात साखर किती, युरिया किती हे कंपनीने आधीच छापून दिलेलं असतं. मशीनने त्या हद्दीत आकडा दिला तरच पुढचं काम, नाही दिला तर बाहेर पेशंटची रांग लागलेली असली तरी थांबायचं, कॅलिब्रेशन करायचं, परत लावायचं. मशीन नवं कोरं असो, परदेशी असो, रोज कंट्रोल. यात मशीनचा अपमान झाला असं कधी कुणाला वाटलं नाही. जिथे कंट्रोल लावत नाहीत त्या लॅबमध्ये मी माझ्या घरच्यांचं रक्त देत नाही, एवढं मात्र खरं.

आता माझी चूक सांगते. पंधरा-एक वर्षं झाली. आमच्या बुधवारच्या वर्गात एक बाई यायच्या, शुगरच्या पेशंट, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. बाहेरगावी तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती, तिथे गेल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि सांगितलं की तू बरी झालीस, इंजेक्शन टाकून दे. चौथ्या दिवशी सकाळी आमच्याकडेच येऊन उपाशीपोटीची शुगर केली. १३१. एरवी दोनशेच्या खाली कधी बघितली नव्हती मी त्यांची. त्या काउंटरवरच रडायला लागल्या. रविवारी मंडळीत साक्ष दिली, तो रिपोर्ट हातात उंच धरून, आणि त्या रिपोर्टवर खाली सही माझी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या.

मला माहीत होतं. तीन दिवस पोटात काही नाही तर आकडा खाली येणारच, तो उपासाचा आकडा होता. एचबीएवनसी केली असती, म्हणजे मागच्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट, ती तीन दिवसांच्या उपासाने फसत नाही. एवढंच म्हणायचं होतं, "मावशी, ही एक टेस्ट करू आणि तोवर इंजेक्शन चालू ठेवा." नाही म्हटलं. तुझ्या मामांनी तुला जे ऐकवलं ना, ते मला चारशे लोकांसमोर ऐकायचं नव्हतं.

अठरा दिवसांनी त्यांना कॅज्युअल्टीत आणलं, शुगर ५१२, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याची खूण). वाचल्या त्या. पण पायाला एक जखम होती ती चिघळत गेली आणि दोन बोटं काढावी लागली. मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत, अजून भेटतात, सलाम करतात.

यातून मला एक कळलं जे तुझ्या प्रश्नाला सरळ लागू आहे. १३१ हा आकडा खरा होता. मशीन बरोबर, रिपोर्ट बरोबर, सही बरोबर. त्याच्यावरून जे सांगितलं गेलं ते खोटं होतं. म्हणून "हे खरं आहे का" एवढंच विचारून भागत नाही, "हे खरं असलं तरी त्याच्यावरून एवढं मोठं म्हणता येतं का" हे विचारावं लागतं, आणि नव्वद टक्के वेळा पाय तिथेच घसरतो. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून स्तोत्रसंहितेतलं ९१वं स्तोत्रच ऐकवलं होतं. वचन अस्सल होतं, लावलं भलतीकडे.

देव बरं करत नाही असं मी म्हणत नाहीये, हे इथे स्पष्ट सांगते नाहीतर खाली लोक तुटून पडतील. मी असे दोन-तीन रिपोर्ट बघितलेत की ज्याचं डॉक्टरांनाही कोडं पडलं. त्यांच्याबद्दल मी "कळलं नाही" असं म्हणते आणि देवाचे आभार मानते, दोन्ही जमतं. फ्रान्समधल्या लूर्दला कॅथलिक लोक १८५८ पासून जातात, तिथे डॉक्टरांचं एक ऑफिसच आहे, बरं झाल्याचा दावा आला की आजाराचे जुने कागद मागवतात, पुन्हा पुन्हा तपासतात, परत आजार उलटतोय का बघायला वर्षानुवर्षं थांबतात. हजारो दाव्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास. मी प्रॉटेस्टंट आहे, लूर्दबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण ही शिस्त आम्हाला यायला हवी होती असं फार वाटतं. आमच्याकडे रविवारी साक्ष, सोमवारी व्हिडिओ, मंगळवारी तो मलेशियापर्यंत पोचलेला.

आता फॉरवर्डकडे येते, कारण इथे मला जास्त बोलायचंय. नासावाली गोष्ट पन्नासेक वर्षांपासून फिरतेय, कॉम्प्युटरने मागे मागे हिशोब केला आणि एक दिवस कमी आला, मग कुणाला तरी यहोशवाचा १०वा अध्याय आठवला अशी. नासाने असं काही नसल्याचं कधीच सांगितलंय. पण नासाला विचारायचीही गरज नाही बघ, डोकं लावलं तरी कळतं. कॉम्प्युटर आजच्या ग्रहांच्या जागेवरून मागे जातो. त्या काळातलं दुसरं कुठलं घड्याळ त्याच्याकडे आहे, ज्याच्याशी ताळा करून तो म्हणेल की एक दिवस कमी पडला? कमी पडला हे कळायला दोन वह्या लागतात, इथे एकच वही आहे. यहोशवाची गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न यात येतच नाही. ज्याचा त्या गोष्टीवर विश्वास आहे त्याला नासाचं सर्टिफिकेट कशाला हवंय, हे मला अजून कळलेलं नाही.

ही गोष्ट निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. दुसरी सोडता येत नाही. बरीच वर्षं एक मेसेज जगभर ख्रिस्ती लोकांत फिरतोय, तुझ्या मामांनीही टाकला असेल. मजकूर साधारण असा: भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्च जाळली, आज रात्री ओलिसाबांग प्रांतातली २०० चर्च पाडणार आहेत, २४ तासांत २०० मिशनऱ्यांना मारणार आहेत, कृपया प्रार्थना करा आणि सगळ्यांना पाठवा. आमच्या वर्गातल्या एका ताईंनी हा मोबाईलवरून वाचून दाखवला, मराठीत भाषांतर केलेला, डोळ्यांत पाणी. मी विचारलं, ताई, ओलिसाबांग कुठल्या राज्यात आलं? कुणालाच माहीत नाही. असं राज्य नाही, प्रांत नाही. आपण भारतात बसून भारताबद्दलचा मेसेज वाचत होतो आणि एकालाही शंका आली नाही, कारण शेवटी "प्रार्थना करा" लिहिलेलं होतं. प्रार्थना म्हटलं की आपण तपासणं पाप समजतो.

पण मला ओलिसाबांगपेक्षा "बौद्ध अतिरेकी" हे दोन शब्द जास्त टोचले. तुला सांगायला नको, आपल्या भागात एकाच घराण्याची एक पाती ख्रिस्ती झाली, दुसरी १९५६ नंतर बौद्ध. माझ्या मावशीच्या सासरचे अर्धे लोक बौद्ध आहेत, लग्नकार्यात एका पंगतीला बसतो, माझ्या आईच्या मातीला खांदा द्यायला त्यातले दोघे होते. त्यांच्याबद्दल आपण बसल्याजागी चाळीस जणांना सांगतोय की हे लोक चर्च जाळतात. दहा आज्ञा पाठ असतात ना सगळ्यांना? आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. आम्ही प्रॉटेस्टंट ती नववी मोजतो, वसईचे कॅथलिक आठवी मोजतात, पण दोन्हीकडे आहे. निर्गमच्या २३व्या अध्यायात तर खोटी बातमी पसरवू नकोस असं अगदी थेट आहे, आणि त्याच्या पुढच्याच वचनात पुष्कळांच्या मागे लागून वाईट करू नकोस असंही आहे. ग्रुपसाठीच लिहिल्यासारखं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात फॉरवर्डला आम्ही "साक्ष" म्हणतो. पाठवायच्या आधी विचार, की ही साक्ष मी कोर्टात उभं राहून देईन का.

आणि याने आपलंच नुकसान होतं. २००८ साली ओडिशात कंधमालला खरोखर चर्च जळली, माणसं मेली, हजारो लोक कॅम्पात राहिले. ते खरं होतं. खोट्या वीस मेसेजनंतर जेव्हा खरा एकविसावा येतो तेव्हा ऑफिसातला तुझा मित्र म्हणणार, झालं यांचं परत सुरू. त्याला दोष कसा द्यायचा?

चमत्काराबद्दलही एक जवळचं उदाहरण आहे. मार्च २०१२, मुंबईत विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं. गर्दी झाली, लोक पाणी बाटलीत भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू नावाचे रॅशनलिस्ट तिथे गेले, भिंत बघितली आणि म्हणाले की जवळची ड्रेनेजची लाइन तुंबलीये आणि ते पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर येतंय. त्यानंतर काही कॅथलिक संघटनांनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली तक्रारी केल्या आणि ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. टीव्हीवर ते चर्चबद्दलही बरंच काही बोलले होते आणि ते लोकांना लागलं, हे मान्य. तरी माझं मत सांगते, आवडो न आवडो. भिंत ओली असल्याने ख्रिस्ताला काही धोका नव्हता. प्लंबर बोलवायचा होता, आणि लोक जे पाणी पोटात घेत होते ते आधी तपासायला पाठवायचं होतं, ते मी फुकट करून दिलं असतं. जो माणूस म्हणाला की हे गटाराचं पाणी आहे, पिऊ नका, त्याने त्या दिवशी भाविकांच्या तब्येतीची काळजी घेतली असं माझ्यातली टेक्निशियन म्हणते.

भविष्यवाणीबद्दल फार लांबवत नाही. यिर्मयाचा २८वा अध्याय वाच, छोटा आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडणार, नेलेली भांडी परत येणार. लोकांना नेमकं हेच ऐकायचं होतं. यिर्मया काय म्हणतो? आमेन, देव तसंच करो. खोटारडा असं लगेच ओरडत नाही. मग एवढंच म्हणतो की ज्याचं वचन खरं ठरेल तो देवाने पाठवलेला समजायचा. यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घातलेलं असतं, हनन्या ते मोडून टाकतो तेव्हा यिर्मया गुपचूप निघून जातो, आणि नंतर वचन मिळाल्यावरच परत येऊन बोलतो. मला यातलं ते निघून जाणं फार आवडतं. आत्ता माझ्याकडे उत्तर नाही तर मी आत्ता बोलत नाही, आणि टाळ्याही वाजवत नाही. मला हे पंधरा वर्षांपूर्वी जमायला हवं होतं.

तारीख देणाऱ्याचं एक बरं असतं, तारीख येते. अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग म्हणून रेडिओवरचे गृहस्थ होते, त्यांनी २१ मे २०११ ही न्यायाची तारीख दिली होती, मोठमोठे बोर्ड लागले, काहींनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा दिला. २१ मे आला आणि गेला. मग ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. पुढच्या वर्षी त्यांनी चुकलो, पाप झालं असं लेखी मान्य केलं, एवढं तरी केलं. तुझ्या मामांचे यूट्यूबवाले आहेत त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओंची एक वही कर. तारीख, काय सांगितलं, काय झालं. तीनच रकाने. कुणाला दाखवू नकोस, स्वतःसाठी कर. आमचा कंट्रोलचा चार्ट असाच असतो, रोज एक टिंब, महिन्याने मशीन कुठे झुकतंय ते आपोआप दिसतं.

आता मित्र. "एक खोटं तर सगळं खोटं" हे ऐकायला कडक वाटतं पण लॅबमध्ये असं कुणी म्हटलं तर त्याला चहा आणायला पाठवतील. रक्त काढताना नीट निघालं नाही, पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. आम्ही ते सॅम्पल टाकतो आणि पुन्हा रक्त काढतो. पेशंटला पोटॅशियमच नाही असं म्हणत नाही.

आणि मित्रांनाही त्यांचे फॉरवर्ड असतातच. २०१२ साली हार्वर्डच्या कॅरन किंग या प्राध्यापिकेने व्हिजिटिंग कार्डाएवढा एक पपायरसचा (जुन्या काळच्या लव्हाळ्याच्या कागदाचा) तुकडा दाखवला, त्यावर येशूच्या तोंडी "माझी बायको" असे शब्द. जगभर हेडलाइन. चर्चने दडवलेलं सत्य वगैरे. २०१६ला एका पत्रकाराने तो तुकडा देणाऱ्या माणसाचा माग काढला, आणि मग त्या बाईंनी स्वतःच सांगितलं की हे बनावट असण्याचीच शक्यता जास्त. दुसरीकडे वॉशिंग्टनचं बायबल म्युझियम, पक्क्या विश्वासू लोकांनी उभं केलेलं, त्यांच्याकडे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (तिथल्या गुहांत सापडलेल्या, बायबलच्या फार जुन्या हस्तलिखितांचे) म्हणून १६ तुकडे होते. शंका आली तेव्हा त्यांनी बाहेरचे तपासनीस बोलावले आणि २०२० साली जाहीर केलं की सोळाच्या सोळा नकली. बघ, फसले दोघंही, कारण दोघांनाही ते खरं असावं असं मनापासून वाटत होतं. दोघांनीही शेवटी कबूलही केलं. फसण्यात आस्तिक-नास्तिक असा काही भेद नाही, आपल्याला जे हवं असतं तिथे आपण कंट्रोल लावायचं विसरतो. म्हणून माझा एक नियम आहे, जो मेसेज वाचून मला एकदम आनंद होतो तो मी एक दिवस पाठवत नाही.

मग पुनरुत्थानाचं, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्याचं काय, असा तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत लपलाय, मी बघितला. ते मी लॅबमध्ये सिद्ध करू शकत नाही आणि करू शकते म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो साक्षीचा प्रश्न आहे, म्हणजे कोण सांगतंय, त्याने काय बघितलं, सांगून त्याला काय मिळालं, असा. मला इथे दोन गोष्टी धरून ठेवतात. लूक सुरुवातीलाच म्हणतो की मी मुळापासून शोध करून क्रमवार लिहितोय, डोळ्यांनी बघितलेल्यांकडून आलेलं. आणि पौल करिंथकरांना लिहिताना म्हणतो की पाचशेहून जास्त भावांना तो एकाच वेळी दिसला, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. जिवंत आहेत हे कशाला सांगतो? जाऊन विचारा म्हणून. आणि पुढे स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. ओलिसाबांगच्या मेसेजमध्ये असं एकही वाक्य नव्हतं की हे खोटं असेल तर आम्हाला सोडून द्या. तुझ्या मित्राला हे पुरेसं वाटणार नाही, चालेल. मला पुरतं, आणि का पुरतं त्यात नुसता तर्क नाही, ३१ वर्षं ज्याला हाक मारली त्याच्याशी असलेलं नातंही आहे. हे मी लपवत नाही. मित्रालाही विचार, त्याच्या पक्क्या मतांत तर्क किती आणि सवय किती. प्रेमाने विचार.

यात पंडिता रमाबाईंची आठवण येतेच. १८८३ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या सिस्टरबाईंना पत्रांवर पत्रं, हे शास्त्रात कुठे आहे, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) मी असंच का मानू, तुम्ही म्हणता म्हणून का? एका पत्रात त्यांनी साधारण असं लिहिलंय की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. त्या सिस्टरना बाई गर्विष्ठ वाटली. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि उतारवयात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ला गेल्या तोवर काम हातावेगळं केलं. आपल्या मंडळ्यांत त्यांचा फोटो लावतात आणि त्यांच्यासारखे प्रश्न विचारणाऱ्या पोरीला गप्प बसवतात.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते. तुझं घर कुठल्या मंडळीत आहे याने फरक पडतो. कॅथलिकांकडे बिशप आहे, चमत्काराच्या दाव्यांसाठी व्हॅटिकनने २०२४ला नवे नियमही काढलेत. आमच्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट चर्च) कमिट्या आहेत, त्यांची आपापसांत भांडणं आहेत, पण निदान पाळकसाहेबांना विचारणारं कुणीतरी आहे. हल्ली हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिप आहेत, त्यात काही फार चांगल्या आहेत, काही ठिकाणी सगळं एकाच माणसाभोवती. म्हणून कुठेही गेलास तरी शिकवण बघायच्या आधी हे बघ, की या माणसाला "तुमचं चुकलं" असं कोण म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर त्या म्हणणाऱ्याचं काय होतं. उत्तर "कुणीच नाही" असेल तर पाकीट खिशात ठेव आणि चप्पल दाराजवळ.

औषधाचा मामला असेल तर मात्र थांबायचं नाही, घर दुखावलं तरी चालेल. आई गोळ्या बंद करतेय असं दिसलं तर त्याच दिवशी गाडी पकडून गावाला जा.

मामांचं म्हणशील तर ते खोटं बोलत नाहीयेत, हे आधी मनात नीट बसव. त्यांना काळजी आहे की पोरगं पुण्यात एकटं आहे, हातचं जाईल. रोजचा फॉरवर्ड म्हणजे त्यांची रोजची चौकशी आहे. ग्रुपवर दुरुस्त करू नकोस, चारचौघांत कुणीच मागे सरत नाही. रविवारी उपासना झाल्यावर फोन कर, आधी गुडघ्याचं विचार, ऊस तुटला का विचार, मग म्हण की मामा, तुम्ही त्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितली होती ना, मला नावं घेऊन प्रार्थना करायची होती म्हणून जागा शोधत होतो, नकाशात ओलिसाबांग कुठे दिसेना, तुम्ही जरा बघून सांगता का? आणि मग गप्प बस, त्यांना शोधू दे. दोन-चार दिवसांनी काय म्हणाले ते इथे लिही, मी वाट बघते.